पाच तारे आणि एक उभा जिना

आमच्या मुलीचा दवाखाना मोबाइलच्या नकाशावरून पुसला गेला, तो आमच्याच लोकांनी केलेल्या कौतुकामुळे. हे वाक्य मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. दुश्मनाने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण ज्याने हे करायला शिकवलं तो चंद्रपुरात एसीत बसून अजून लोकांच्या वेबसाइटी बनवतो आहे, आणि ज्यांनी केलं ते माझे सख्खे लोक आहेत. राग धरावा तरी कुठे धरावा?

मी घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीत काट्यावर काम करते. माझ्या वडिलांची जमीन खाणीत गेली, घरात मुलगा नव्हता, म्हणून जमिनीच्या बदल्यातली नोकरी मला मिळाली. काम सोपं आहे. रिकामी गाडी काट्यावर येते, तिचं वजन घ्यायचं. भरून आली की पुन्हा वजन घ्यायचं. भरल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल. ड्रायव्हर कितीही गोड बोलो, वजन वाढावं म्हणून कोळशावर पाणी मारून आणो, खिडकीच्या आत एवढीच गोष्ट खरी. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. माझे यजमान म्हणतात, "हिले 'चहा चांगला झाला' असं म्हटलं तं विचारते, कालच्यापेक्षा का परवाच्यापेक्षा?"

मुलगी नागपूरला फिजिओथेरपी शिकली. पुण्याच्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली होती. ती परत आली, कारण तिच्या मते आमच्या गावाइतक्या मोडलेल्या कमरा महाराष्ट्रात कुठे नसतील. ते खरंच आहे. ट्रक, डंपर, खड्ड्यांच्या रस्त्यावरून शिफ्टला जाणाऱ्या मोटारसायकली. तिने मेन रोडवर हार्डवेअरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली, पाटी लावली. पुण्याला सांगितलं, डिसेंबरपर्यंत कळवते. मला म्हणाली, "आई, तोपर्यंत पेशंट आले तं राहीन. नाई आले तं जाईन. मंग रडायचं नाई."

मी रडणार नव्हते. पण ती राहावी असं मला फार वाटत होतं, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढचा सगळा राग त्यातूनच आलेला आहे.

पेशंट येईनात. यजमान म्हणाले, आजकाल लोक आधी मोबाइलवर शोधतात, मग चप्पल घालतात, वेबसाइट पाहिजे. ओळखीतल्या कोणीतरी चंद्रपूरच्या एका एक्स्पर्टचं नाव सुचवलं. मिठाईच्या दुकानावर त्याचं ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर वर चढत जाणाऱ्या रेषांचे तक्ते. तो म्हणाला, "मॅडम, एसइओ म्हणजे दुकान सर्चमध्ये वर आणणं. तीन महिन्यांत पहिल्या नंबरवर. गॅरंटी." मुलगी म्हणाली, मी काय-काय उपचार करते ते लिहून देते. तो म्हणाला, "लिहायची काही गरज नाही. कंटेंट आमच्याकडे रेडी असतो."

त्या रेडी कंटेंटची वेबसाइट आली. वर एका परदेशी बाईचा पाठ चोळून घेतानाचा फोटो. खाली 'विदर्भातील अग्रगण्य मणकातज्ज्ञ', 'पॅरालिसिस शंभर टक्के बरा'. मुलीने असं कधी म्हटलं नव्हतं आणि कधी म्हणणारही नाही. आणि त्याखाली, मी दोनदा वाचलं, 'आमचे केंद्र समुद्रकिनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे.'

यजमान खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "भरती आली वाटते. सिमेंटच्या धुळीची."

मी हसले नाही. मी फोन केला. तो म्हणाला, चुकून राहिलं, काढतो. किनारा निघाला, पॅरालिसिस राहिला. मुलगी म्हणाली, हे खोटं आहे, काढा. तो म्हणाला, "मॅडम, असं लिहिलं नाही तर क्लिक येत नाहीत."

महिन्याने त्याने आम्हाला ऑफिसात बोलावून तक्ता दाखवला. रेषा वर गेलेली. वेबसाइटवर हजारांनी लोक येऊन गेले म्हणे. मी म्हटलं, "हे भरल्या गाडीचं वजन झालं. रिकामी गाडी किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे यातले फोन किती जणांनी केले? जिना किती जण चढले? माल किती?"

तो माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाला, "आईला टेक्निकल समजत नाही." घरी येऊन मुलीने स्वतः शोधलं. येऊन गेलेले बहुतेक अशा देशांतले होते जिथून घुग्घुसला कमरेच्या व्यायामाला कोणी येणार नाही. माणसं होती की मशिनं होती, कोण जाणे.

त्याच रात्री मी वेबसाइट वाचत होते आणि पानाच्या तळाशी माझं बोट जास्त वेळ दाबलं गेलं. रिकाम्या पांढऱ्या जागेत निळे पट्टे उमटले. निळ्यात अक्षरं होती. घुग्घुस, माजरी, वरोरा, भद्रावती, राजुरा, बल्लारपूर, पोंभुर्णा, गडचिरोली, पार सिरोंचापर्यंत. प्रत्येक गावापुढे 'बेस्ट मणका डॉक्टर'. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं. माणसाला दिसू नये आणि मशिनला दिसावं म्हणून. कोळशावर पाणी मारतात ते हेच. मी इतकी वर्षं ज्याला खिडकीतून परत पाठवते, ते माझ्याच मुलीच्या नावाखाली वाहत होतं.

तेव्हाच त्याचं काम थांबवायला पाहिजे होतं. पण त्याने अजून एक उपाय सांगून ठेवला होता आणि तो माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या कानावर गेला होता. "नकाशावर पाच स्टारचे अभिप्राय टाका. जितके जास्त, तितकं वर. नातेवाईक आहेत ना?"

नातेवाईक आहेत ना! आम्हाला हे विचारायचं असतं का?

आमच्या वस्तीतल्या विहाराची भिंत घरटी विटा आणून उभी राहिली आहे. कोणाच्या घरी लग्न असो, मयत असो, कोणाला परीक्षेला जायचं असो, वस्ती हात लावते. ती आमची रीत आहे आणि तिच्यावर आम्ही उभे आहोत. रविवारी वंदना झाली आणि जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "आपली पोरगी दवाखाना टाकून बसली हाये. बाहेरचा कोणी येऊन तिले वर नेणार नाई. काढा सगळ्यांनी मोबाइल!"

मी मागून म्हटलं, "बाई, ज्यानं तिथी पाय नाई ठेवला, त्यानं काऊन लिहावं?"

"तुले काट्याची बिमारी झाली वं," जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "माणसायले बी तोलतं."

सगळे हसले. विहाराच्या अभ्यासिकेत मुलांसाठी वायफाय आहे. सगळ्यांनी तेच जोडलं आणि तिथेच सतरंजीवर बसून लिहिलं. मी घरी येऊन वाचलं. 'आमची भाची आहे. लहानपणापासून हुशार.' 'स्वभावाने शांत, मोठ्यांना मान देते. जयभीम.' 'दहावीत शाळेतून पहिली आली होती.' एका काकांनी लिहिलं होतं, 'सेवा छान, जेवण उत्तम.' त्यांनी आधी फक्त एका ढाब्यालाच अभिप्राय दिला असावा. जाऊबाईंचं सगळ्यांत मोठं: 'असा दवाखाना जिल्ह्यात नाही. मी स्वतः अनुभव घेतला.'

एवढं सगळं प्रेम, एका सकाळी, एका वायफायवरून, पाच-पाच तारे.

आठवडाही गेला नाही. मुलीला मेल आला की नोंद स्थगित केली आहे. नकाशावर मेन रोड दिसत होता, हार्डवेअरचं दुकान दिसत होतं, दवाखाना नव्हता. सर्चमध्ये नाव घातलं तरी येईना. मशिनला वाटलं, हे दुकानच बनावट आहे. मला त्या मशिनचा राग आला आणि नाहीही आला. एकाच गाडीचा नंबर एका सकाळी इतक्यांदा काट्यावर आला असता, तर मीही गेट बंद केलं असतं.

राग आला तो चंद्रपूरच्या त्या माणसाचा. मी सुट्टी टाकून गेले. मुलगी सोबत होती. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. अल्गोरिदम बदलला."

"अल्गोरिदमनं तुले पांढऱ्यावर पांढरं लिहायले सांगितलं का?"

"मॅडम, सगळेच करतात."

"सगळे चोरी करतात तं मी काटा उघडा ठेवू का?"

मुलीने माझा हात दाबला आणि त्याला सरळ सांगितलं, "वेबसाइट बंद करा. नाव मले द्या, मी स्वतः चालवते." नाव म्हणजे वेबसाइटचा तो पत्ता, जो तिच्या पाटीवर होता, कार्डावर होता, आमच्या दारावरच्या स्टिकरवर होता.

तो खुर्चीत मागे टेकला. "डोमेन आमच्या नावावर रजिस्टर आहे. त्याची प्रोसेस असते."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा माझा आवाज खालच्या मिठाईच्या दुकानापर्यंत गेला असेल. मी म्हटलं, "माझ्या बापाची जमीन खाणीत गेली. पण गेली तेव्हा सातबारा त्याच्या नावावर होता. त्याच्या सहीशिवाय नाई गेली. माझ्या पोरीच्या नावाची जागा तुझ्या नावावर चढली कशी? कोणाले विचारून?"

तो हसून म्हणाला, "सही तुमचीच आहे मॅडम." होती. काम देताना सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात तेही होतं. ते नाव त्याने दिलं नाही. आजही तो पत्ता टाकला तर दुसऱ्याच एका दवाखान्याची जाहिरात उघडते. ज्याची वेबसाइट आहे, त्याने आणखी काही शिकायच्या आधी एवढं शिकावं: नाव स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर, किल्ली स्वतःकडे.

त्यानंतर मला जे करावं लागलं ते सांगायलाही लाज वाटते. घरोघर जाऊन म्हणावं लागलं, तुम्ही माझ्या मुलीबद्दल जे चांगलं लिहिलं ते पुसा. कोणी हसलं, कोणाला कसं पुसतात ते ठाऊक नव्हतं, कोणाचा चेहरा पडला. जाऊबाईंनी दारातूनच विचारलं, "चांगलं केलं तं त्याचं हे फळ?" आणि पुसलं, पण माझ्याशी बोलणं टाकलं.

मुलीने नवं नाव घेतलं, स्वतःच्या नावावर. पाटीचा फोटो, नगर परिषदेचा परवाना, विजेचं बिल पाठवून नकाशावरच्या नोंदीसाठी अर्ज केला. उत्तराची वाट बघण्यात दिवस जात होते आणि डिसेंबर जवळ येत होता. ती दुपारी रिकाम्या दवाखान्यात बसून सर्चवाल्या कंपनीनेच लिहून ठेवलेले फुकटचे नियम वाचायची. एकदा जेवताना म्हणाली, "आई, यात जादू कुठीच नाई. त्यानं आपल्याले जादू म्हणून विकलं."

मी म्हटलं, मलाही सांग. तिने सांगितलं ते माझ्या भाषेत असं. लोक काय विचारतात ते आधी ओळखा. एका प्रश्नाला एक पान द्या. पानाच्या माथ्यावर असं नाव लिहा की न उघडताही कळावं आत काय आहे. आत खरं उत्तर लिहा, स्वतःच्या शब्दात. दुसऱ्याचं उचललेलं पान मशिन ओळखतं, आणि माणूस तर ओळखतोच. पत्ता, फोन, वेळ पाटीवर एक, नकाशावर दुसरी असं नको. आणि मग थांबा. पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून पाहू नये.

"लोक काय विचारतात?" मी विचारलं.

"तेच तं मले माहीत नाई. जिना चढून कोणी आलंच नाई."

ते मला माहीत होतं. माझ्या खिडकीशी दिवसभर तेच तर ऐकू येतं. कमर पकडली. गिअर टाकताना खांद्यात चमक मारते. पायात मुंग्या येऊन राह्यल्या, ब्रेक लागला का नाई समजत नाई. मी ऐकून यायची, ती त्यावर लिहायची. 'ट्रक चालवून कमर पकडली तर काय करावं, काय करू नये.' ज्याला डॉक्टरकडेच जायला पाहिजे त्याला तसं स्पष्ट लिहायची. तिने परदेशी बाई काढली आणि आपल्या खोलीचे कमी डेटाचे हलके फोटो टाकले. जुनी वेबसाइट मी एकदा काटाघरात उघडून पाहिली होती. खाणीच्या गेटवर नेटवर्क असं की ती उघडेपर्यंत एक गाडी आली, तोलली आणि निघूनही गेली. नवी लगेच उघडली.

नोंद परत आली. फोन येऊ लागले, थोडे. आणि मग पहिला खरा अभिप्राय आला. तीन तारे.

'मॅडम चांगल्या आहेत. समजावून सांगतात. पण कमर दुखणाऱ्या माणसाले एवढा उभा जिना काऊन? अर्ध्यात बसून बसून गेलो.'

तीन तारे! माझं डोकं फिरलं. एवढं सोसून, एवढं पुसून, पहिलाच माणूस येतो आणि दोन तारे कापून जातो? यजमान म्हणाले, जाऊ दे. जाऊबाईंना कुठून तरी कळलं, त्या थेट घरी आल्या आणि अबोला विसरून म्हणाल्या, "कोण हाये तो? आपल्यातला हाये का? नाव सांग फक्त." त्या क्षणी आम्ही दोघी पुन्हा एका बाजूला होतो.

तो दुसऱ्याच दिवशी सापडला. गाडी काट्यावर उभी करून एक ड्रायव्हर दाराला धरून हळूहळू खाली उतरला, एक हात कमरेवर. चिठ्ठी घेताना म्हणाला, "मॅडम, तुमचीच पोरगी का ती, हार्डवेअरवर?"

"हो. तूच लिहिलं का जिन्याचं?"

"मीच जी."

"दोन तारे काऊन कापले?"

तो गोंधळला. "कापले कुठी? तीन देल्ले. व्यायामानं फरक हाये मले. आणखी जायचं हाये, पण तो जिना आठवला का पाय उचलत नाई. म्हणून लिहिलं. तुमाले वाटलं का मी बुराई केली?"

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी चिठ्ठी दिली आणि पुढची गाडी काट्यावर घेतली. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी तो जिना चढले. लोखंडी, उभा, एका बाजूला कठडा नाही. दिवसभर उभी राहिलेली माझी कंबर तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच बोलू लागली. सगळ्या वस्तीने त्या दवाखान्याबद्दल लिहिलं होतं. दहावीचा निकाल लिहिला, स्वभाव लिहिला, जेवणसुद्धा लिहिलं. जिना कोणी लिहिला नव्हता.

वर मुलगी लॅपटॉपसमोर होती. तिचं त्या माणसाला उत्तर लिहून झालं होतं: बरोबर आहे, पुढच्या वेळी खालून फोन करा, मी खाली येते. आणि वेबसाइटच्या अगदी वर तिने ओळ टाकली होती: 'दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. जिना उभा आहे. चढता येत नसेल तर खालून फोन करा, मी खाली येऊन पाहीन.'

"हे सगळ्यात वर?" मी विचारलं. "लोक पळतीन."

"पळणारे आधीच पळून राह्यले आई. जिन्याखालून. आपल्याले दिसत नव्हते." मग म्हणाली, "इतक्या लोकांनी चांगलं म्हटलं, पण सांगितलं या एकानंच."

पुढच्या दिवसांत फोन आले ते असे: "खाली येऊन पाहणाऱ्या मॅडम तुमीच का?" हार्डवेअरच्या बाकड्यावर ती पेशंट बघू लागली. दुकानदार आधी कुरकुरला, मग त्याच्याच आईचा खांदा धरला. गोडाऊनची मागची खोली रस्त्याच्या पातळीवर होती. सिमेंटच्या गोण्या हलवून त्याने ती दिली. मुलीने त्याच दिवशी पाटी, नकाशा आणि वेबसाइट, तिन्हीकडे बदल केला, आणि मग पुण्याला एक मेल पाठवला. मला तो वाचायला दिला नाही. फक्त म्हणाली, "नाई म्हटलं."

मी रडायचं नाही असं ठरलं होतं. ते मी पाळलं.

नव्या खोलीत पहिल्याच आठवड्यात जाऊबाई आल्या. दारात चप्पल काढताना त्यांनी भिंत धरली. त्यांचे गुडघे कित्येक वर्षांपासून दुखतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. असा दवाखाना जिल्ह्यात नाही, मी स्वतः अनुभव घेतला, असं लिहिणाऱ्या माझ्या जाऊबाई त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरही कधी चढल्या नव्हत्या.

मुलीने त्यांना झोपवून गुडघा वाकवून पाहिला. त्या कळवळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाह्यतं काय वं? आता खरं लिहू का?"

मी म्हटलं, "बाई, आधी महिनाभर व्यायाम करा. मंग लिहा."

"मोठी आई, पाय सरळ," मुलगी म्हणाली.

त्या अजून येतात. अजून लिहिलेलं नाही. म्हणतात, उजवा बरा हाये, पण डावा अजून तसाच हाये, खोटं कसं लिहू? मी त्यांना घाई करत नाही. चंद्रपूरच्या त्या माणसाचा राग मात्र तसाच आहे, आणि तो पत्ता मुलीच्या नावावर परत येईपर्यंत तो राहील.